परत न ठेवता

केयोनच्या रात्रशाळेत आम्ही सहाजण
आणि एक लोखंडी शेगडी, मास्तरांपेक्षा जास्त कुरकुरणारी.
दिवसभर कारखान्यात, सॅमन माशांच्या पट्ट्याजवळ
माझ्या हातात सुरी असते. रात्री पेन्सिल.
छेद हा शब्द मला दोन्हीकडे लागतो.

लेआन्द्रो मास्तर माझ्या धाकट्याच्या वयाचे.
फळ्यावर लिहितात :
पिशवीत आठ चेंडू, पाच तांबडे, तीन काळे.
न बघता दोन काढले, पहिला परत न ठेवता.
दोन्ही तांबडे असण्याची संभाव्यता किती?

या बेटावर चेंडू कुठून आणायचे?
रोसामेलकाकांनी घरून बटाटे आणले,
पाच तांबडे, तीन जांभळे, मातीसकट.
पोत्यात हात घातला, तांबडा काढला.
दुसरा काढला, तोही तांबडा.
मग म्हणाले, आता जांभळा दाखवू?
आणि दाखवला.
“काका, बघायचं नाही.”
“बघतोय कोण? जांभळ्याला डोळे जास्त.
साठ वर्षं जमिनीतून उपसतोय,
हातच बघतो. त्याला पट्टी कशी बांधू?”

मास्तर जरा वेळ गप्प.
मग खाली बारीक अक्षरात जोडलं :
सर्व चेंडू स्पर्शाला सारखे आहेत.

मी मांडलं. पाच छेद आठ. चार छेद सात.
आणि बेरीज केली.
सदुसष्ट छेद छप्पन्न.
मास्तर हसले नाहीत, एवढंच म्हणाले,
“दोन्या एर्मिन्दा, खात्रीच्या वर जाता येत नाही.
एक म्हणजे एक. तिथे संपतं.”

जाता येत नाही कसं?
अदेलमो निघताना धक्क्यावर म्हणाला होता :
नक्की येतो. अगदी नक्की. शंभर टक्के,
वर तुझ्या गळ्याची शपथ.
तेव्हाच मला कळायला हवं होतं
की हा माणूस गुणायच्या जागी बेरीज करतोय.

खोडलं. गुणलं.
(‘आणि’ आला की गुणायचं.
‘किंवा’ची भानगड पुढच्या आठवड्यात.)
गुणलं की वाढतं, असं लहानपणी शिकलेले;
इथे आकसतं,
लोकर उकळत्या पाण्यात टाकावी तसं.
वीस छेद छप्पन्न. पाच छेद चौदा.
मागचं पान उलटलं : पाच छेद चौदा!
एवढा आनंद पगाराच्या दिवशीही होत नाही.
खोटं कशाला बोलू, होतो. पण तो वेगळा.

मग त्या साताकडेच बघत बसले.
वरच्या पाचाचे चार होतात, ते कुणालाही दिसतं,
गेलं ते गेलं.
पण खालच्या आठाचेही सात होतात.
एक बटाटा बाहेर येतो
आणि न हललेल्या सगळ्यांचं पोतं लहान होतं.
हे आमच्या घरात मला कुणी सांगितलं नव्हतं.
आधी अदेलमो, मग थोरली पुन्ता आरेनासला, मग आई.
दर वेळी वरचा आकडा तेवढा मी बदलला,
पाव मात्र जुन्याच छेदाने भाजत राहिले.
उरलेले डुकरांना.

साडेनऊला बटाटे शेगडीत गेले.
नमुना अवकाश आम्ही मीठ लावून खाल्ला,
बोटं चटकावत,
सहा विद्यार्थी आणि एक मास्तर.
आठवा राखेत विसरला गेला, चिमट्याने काढला
तेव्हा कोळसा झालेला,
तांबडा की जांभळा, ओळखू येईना.
“जांभळा,” रोसामेलकाका म्हणाले, हात न लावता.
“तीन छेद आठ,” मास्तर म्हणाले.

मी बाकांवरची सालं मोजली.
चार तांबडी. तीन जांभळी.
“तांबडा,” मी म्हणाले.
“नक्की?”
“नुसतं नक्की. अगदी नाही.”

तो मी कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकला.
घरापर्यंत, चढ संपेस्तोवर,
डाव्या बाजूला गरम होता.